घड्याळातले डाग

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एका खिळ्याला आबांचं मनगटी घड्याळ टांगलेलं असतं. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. माय रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की घड्याळाला चावी देते, कानाला लावून टिकटिक ऐकते आणि परत टांगते. मागच्या हिवाळ्यात ते मधेच बंद पडायला लागलं. हलवलं की चालायचं, थोड्या वेळानं पुन्हा थांबायचं. उजेडात धरून पाहिलं तेव्हा कळलं. आतल्या तबकडीचा रंग पोपडे धरून सुटत होता आणि एक पोपडा लहान काट्याखाली अडकला होता.

तबकडी मुळात दुधी रंगाची. आकडे नाहीत, नुसत्या बारीक रेघा. आबा पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होते. तिथली वाफ काचेच्या कडेनं आत शिरली आणि तबकडीवर डाग उठले. पार वाया जाईल म्हणून आबांनी घड्याळ कामावर नेणं सोडलं आणि आमच्या खोलीत स्टोव्हच्या वर टांगून टाकलं. पट्ट्याच्या भोकात खिळा अडकवला, त्यामुळे बारा खाली आणि सहा वर. तेव्हापासून ते उलटंच. पुढे पर्वत पाटियाला फ्लॅट घेतला, तिथेही मायने ते तसंच उलटं टांगलं. डाग मात्र वाढत गेले. एक चहा सांडल्यासारखा, एक काळपट, एक हिरवट. मला ते बघवायचे नाहीत. आबांचे हात आठवायचे, कितीही घासले तरी नखांच्या कडा रंगलेल्याच असायच्या.

भागळच्या एका गल्लीत जुन्या घड्याळांचं काम करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी काच काढून पाहिली आणि दोन मार्ग सांगितले. एक, सुटलेला रंग चिकटवून वरून पातळ रोगण द्यायचं. घड्याळ चालेल, पण डाग राहतील. दुसरा, सगळा रंग उतरवून तबकडी नव्यानं रंगवायची. ‘एकदम नवुं लागशे,’ ते गुजरातीत म्हणाले, अगदी नवं दिसेल. घरी कुणाला विचारायचं असेल तर विचारून या, असंही म्हणाले. मी म्हटलं, यात विचारायचं काय? नवी करा.

मला मायला एकदम दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी आपण काहीतरी केलं, असं मला वाटून घ्यायचं होतं. त्याची गरज मला का होती, ते पुढे येईलच.

घड्याळ आलं. तबकडी खरंच सुंदर झाली होती, जुन्या फोटोतल्यासारखी दुधी. माय कितीतरी वेळ बघत राहिली. चांगलं चकचकीत केलंस म्हणाली आणि खिळ्याला टांगून आली. मी खूष.

मग आमच्या घराचं काहीतरी बिनसलं. माय रात्रीच्या भाकरी थापायला भर दुपारी बसायला लागली, नाहीतर सगळ्यांची जेवणं होत आली तरी पीठ मळत असायची. संध्याकाळची बीपीची गोळी एकदा राहिली, एकदा तिनं ती दुपारीच घेऊन टाकली. बायको म्हणाली, तुम्ही घड्याळ दुरुस्त करून आणलंत आणि सासूबाई बिघडल्या. आम्ही हसलो. वयामुळे होत असेल असं मी म्हटलं. माय सारखी विचारायची, किती वाजनात? एकदा मी तिला म्हणालो, घड्याळ तुझ्या डोक्यावर टांगलंय, मलाच काय विचारतेस. हे मी कुठल्या सुरात म्हणालो ते मला ऐकू आलं. तो सूर माझ्या ओळखीचा होता.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून घरी आलो. माय घड्याळासमोर उभी होती. बोट काचेवर ठेवून हळूहळू गोल फिरवत होती, अंधारात भिंतीवरचं बटण चाचपतात तसं. मी विचारलं, काय शोधतेस?

तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, ‘मना डाग कोठे गयात, भाऊ?’ माझे डाग कुठे गेले, असं. मला ती भाऊच म्हणते.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मी चौथी-पाचवीत असताना आबांनी मला सांगितलं होतं, मायला घड्याळ बघायला शिकव. ती शाळेत कधी गेली नव्हती. आबांच्या पाळ्या बदलत, त्यामुळे तिला वेळेचा अंदाज राहत नसे. सुट्टीत काही दुपारी मी तिला घेऊन बसलो. मी घड्याळ हातात सरळ धरून शिकवायचो, आणि मग ते खिळ्याला टांगलं की सगळं उलटं. सरळ टांगावं हे मला सुचलं नाही. ती चुकायची. शेजारची पोरं दारात उभी राहून फिदीफिदी हसायची. एक दिवस त्यांच्यादेखत मी तिला म्हणालो, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. ती उठली आणि पीठ चाळायला बसली. मी बाहेर खेळायला गेलो.

संध्याकाळी आबांनी विचारलं, कुठवर आलं? मी म्हणालो, आलं तिला. आबांनी तिच्याकडे पाहिलं. परातीवरून मान वर न करता ती म्हणाली, हो, आलं. दुसऱ्या दिवशी आबा खमण घेऊन आले, बक्षीस म्हणून. मायने माझ्या वाटणीला जास्त घातलं. मी खाल्लं.

मी आता पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक आहे. दर वर्षी पुठ्ठ्याचं घड्याळ करून लहान वर्गांना वेळ शिकवतो. चुकलेल्या मुलावर कधी आवाज चढवत नाही. सर फार शांत आहेत, असं पालक म्हणतात. आणि घरी मी स्वतःची समजूत घातली होती की माय पुढे आपली आपणच शिकली असणार. ती सगळं वेळच्या वेळी करत होती, मला तेवढा पुरावा पुरला. नीट विचारायचं मी टाळलं, कारण विचारलं असतं तर ती खरं बोलली असती.

त्या शनिवारी मी तिला स्वयंपाकघरातच खाली बसवलं आणि म्हणालो, माय, मी आबांशी खोटं बोललो होतो.

‘त्यासले ठाऊक व्हतं,’ ती म्हणाली. ‘पैल्याच दिनले.’

मग तिनं सांगितलं. आबांनीच तिला डागांवरून वेळ दाखवली होती. लहान काटा काळ्या डागावर आला की माझी शाळा सुटायची. हिरवट डागाला नळाला पाणी यायचं. आणि दिवसपाळीला निघताना आबा दारातून म्हणायचे, चहाच्या डागावर येतो. हे मी कित्येकदा ऐकलं होतं. आल्यावर चहा हवा, असं सांगताहेत, एवढंच मला वाटायचं.

मी विचारलं, मग मला कुणीच कसं बोललं नाही? तर ती म्हणाली, ‘तू खमन खाई ऱ्हायंता. काय बोलतीन तुले?’ एवढं आवडीनं खाणाऱ्या पोराला काय बोलायचं, असं. आणि हसली. मला हसता आलं नाही.

सोमवारी मी भागळला जाऊन आलो. काका म्हणाले, उतरवलेला रंग परत येत नाही, पण हवे तिथे ठिपके काढून देतो. घरी येऊन मी मायला म्हटलं, कुठे कुठे होते ते सांग, तसेच करून आणतो. तिनं मान हलवली. पाण्याला आता टाकी आहे, माझी शाळा कधीच सुटली, आणि चहाच्या डागावर येणारा माणूस काही येणार नाही. ते डाग घेऊन आता करू काय, म्हणाली.

बायको घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेते. माय तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं दोन खडे मागून आणले, एक लाल, एक पांढरा. पाठीला डिंक लावून लाल खडा तिनं काचेवर मी दाखवलं तिथे बसवला. तो गोळीचा. पांढरा बोटाच्या टोकावर धरून ती थांबली.

‘तू कव्हय येस घर? खरं सांग.’

शाळा पाचला सुटते. त्यानंतर मी कुठे कुठे रेंगाळतो ते मलाच नीट सांगता येणार नाही. कधी स्टाफरूममध्ये, कधी चौकात चहाच्या गाडीवर, कधी नुसताच. काहीतरी गुळमुळीत उत्तर देणार होतो, पण ती बोट तसंच धरून उभी होती आणि डिंक वाळत चालला होता.

मी म्हणालो, सहाला.

सहा कुठे ते मी दाखवलं. घड्याळ उलटं, म्हणून सगळ्यात वर. तिनं खडा चिकटवला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

आता साडेपाच झाले की मी उठतो. सोबतचे शिक्षक चिडवतात, सर, घरी कोण वाट बघतंय? काल मात्र पर्वत पाटियाच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो. घरात शिरलो तेव्हा माय स्वयंपाकघरात उभी होती. काटा पांढऱ्या खड्याच्या पुढे सरकला होता. तिनं काचेवर बोट टेकवून मला तेवढं अंतर दाखवलं आणि चहाचं भांडं पुन्हा गॅसवर ठेवलं.