गवताची झडी आणि माझे सोलर सेल

भूतबित म्हटलं की मला हसू येतं. अजूनही येतं… फक्त आता जरा मायेनं.

मी मूळची विट्याची, सांगलीत पीएचडी करते. विषय – पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचे सोलर सेल. स्वस्त, ऊन पकडण्यात पटाईत, पण महा नाजूक! जरा दमट हवा लागली की काळा थर पिवळा पडतो आणि खेळ खलास. मी सेलच्या कडा बंद करायला नवं सील बनवलं होतं. सर म्हणाले, "महाबळेश्वरचा पाऊस झेलला तर पुढे जाऊ, नाहीतर विषय बदल." म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

महाबळेश्वरला माझी मावशी राहते. ऐन जुलैत तिच्या गच्चीवर स्टँड लावला, सेल बसवले. सकाळी जाऊन बघते तर स्टँडला गवताची झडी बांधलेली! झडी म्हणजे गवताचा विणलेला पडदा – पूर्वी पावसाआधी घरांच्या भिंतींना लावायचे. मी तणतणत खाली आले.

"मावशे, कशाला झाकलंस? त्यांना भिजवायला तर आणलंय!"

"मी न्हाई बाई! आता घरालाबी प्लॅस्टिकच मारत्यात. झडी कोण विणतंय हितं?" ती वर आली, गाठ उलटसुलट करून पाहिली. "आगं… ह्या तर हुसेनचाचाच्या गाठी."

हुसेनचाचा शेजारचे. आख्ख्या आळीच्या झड्या तेच विणायचे. डावखुरे, त्यामुळे त्यांच्या गाठीचा पीळ उलटा. लहानपणी मे महिन्यात मी त्यांना सुतळी द्यायला बसायचे. चाचा जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी झडी सोडायला घेतली आणि हात थांबला. रात्रभर धो धो पाऊस कोसळूनही ती आतून कोरडी ठणठणीत होती. मी दमटपणावरच पीएचडी करते हो!

काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी परत बांधलेली. आता मात्र मला रडू फुटलं. झाकलेल्या सेलची कसली आलीय टेस्ट?

मावशी शांतपणे म्हणाली, "आगं, मग सांग की त्यास्नी. सांगितल्याबिगर माणसाला कळायचं कसं?"

शेवटी छत्री धरून रिकाम्या गच्चीत उभी राहिले आणि सरांनाही कधी समजावलं नसेल इतक्या प्रेमानं सगळं समजावलं. "चाचा, ह्यांना भिजू द्या. भिजून टिकले तरच माझं काम झालं. नाही टिकले तर मी बघीन माझं."

मावशी जिन्यात तोंडाला पदर लावून हसत होती.

दुसऱ्या दिवशी स्टँड उघडा. झडी नीट गुंडाळून, उलट्या पिळाच्या गाठीनं बांधून पडवीत माझ्या चपलांशेजारी ठेवलेली.

मग पावसानं सेलना मनसोक्त झोडपलं. पाऊस सरल्यावर सांगलीला आणले – काळेभोर! करंटही जवळपास तेवढाच. सर लॅबमध्ये अक्षरशः नाचले.

कुणी म्हणेल, मावशीचीच मस्करी. पण तिला साधी वेणीची गाठ धड मारता येत नाही, उलटी कुठली मारतेय!

सेल का टिकले, हे मी तुम्हाला तासभर सांगू शकते. झडी आतून कोरडी कशी, हे विचाराल तर… माहीत नाही. आज ती लॅबमध्ये माझ्या टेबलामागे टांगलीय. यंदा मोठं पॅनेल न्यायचंय. चाचांना आधीच सांगून ठेवलंय.