नकोबांच्या बाकावर नऊ दिवस

आमच्या वस्तीतल्या गाड्यांच्या वायरमनला सगळे नकोबा म्हणतात. काहीही विचारा, पहिला शब्द ‘नको’. नऊ दिवस मी त्यांच्या गॅरेजमधल्या बाकावर बसून हा एकच शब्द ऐकला.

आमची लेक जनावरांची डॉक्टर. सोमवारपासून गावोगाव लस टोचायचं काम तिला मिळालं होतं, म्हणून तिने एक जुनी व्हॅन घेतली. लशींचा फ्रिज गाडीतच बसवायचा. पण आतल्या वायरी हात लावताच चुरत होत्या.

“सगळ्या नव्या टाकायच्या,” नकोबा म्हणाले.

आमच्या ह्यांनी लगेच माळ्यावरून घराच्या वायरिंगचं उरलेलं भेंडोळं काढलं. “अस्सल तांबं आहे!”

“नको. साहेब, भिंत हलत नाही, गाडी हलते.” नकोबांनी टोक पक्कडीत धरून वाकवलं, सरळ केलं, असं दहा-बारा वेळा केलं. आतली एकच जाड तार कट्कन तुटली. आवरण मात्र जसंच्या तसं. “बाहेरून धडधाकट, आत ठिणग्या.”

“गाडीत बसून वायर वाकवतंय कोण?” हे म्हणाले.

“रस्ता.”

मग मी दुकानातून खास गाडीची वायर आणली. नकोबांनी टोक ब्लेडने खरवडलं, तर तांबूस रंगाखाली पांढरं निघालं. “ॲल्युमिनियम. वर नुसता मुलामा. नको.” दुसऱ्या दुकानातली वायर खरी तांब्याची, पण बारीक. “दिव्यांना चालेल. फ्रिजला नको, तापेल.”

“मग मोठा फ्यूज टाका की!”

“ताई, मोठा फ्यूज टाकला तर आधी वायर पेटेल, मग फ्यूज उडेल.”

शनिवारी तिसऱ्या दुकानदाराने सांगितलं, जाड वायर मंगळवारी येईल. मी कपाळावर हात मारला. लेकीला फोन केला तर ती कडाडली, “आई, सोमवारी गाडी नसेल तर ते दुसऱ्याला घेतील! बाबांची वायर टाकायला सांग. महिन्याभराने बदलू.”

मी फोन नकोबांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकून घेतलं, ‘नको’ म्हटलं आणि फोन परत दिला.

माझा तोल गेला. “तुमचं काय जातंय हो? तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीचं काम जाईल!”

त्यांनी हात पुसले. “ताई, जरा उठा.”

मी उठले. त्यांनी बाकावरची सतरंजी उचलली. खाली एका गाडीच्या सीटचा सांगाडा होता, काळाठिक्कर, स्प्रिंगा वेड्यावाकड्या होऊन एकमेकींत अडकलेल्या.

“माझी पहिली गाडी. मेव्हण्याने घाई केली, घरची वायर पडून होती, टाकली. मीही महिन्याभराने बदलणार होतो. कुणीतरी बाहेरून दार उघडलं, म्हणून वाचलो.”

सतरंजी पुन्हा अंथरून ते कामाला लागले. मी उभीच राहिले.

सोमवार गेला. व्हॅन पोट उघडं टाकून तशीच उभी आहे. निम्मी गावं दुसऱ्या डॉक्टरला गेली. लेक माझ्याशी धड बोलत नाही, हे येता-जाता म्हणतात, “एका वायरीपायी!” मला त्या खोट्या मालाच्या दुकानदाराचा राग येतो, ह्यांचा येतो, आणि खरं सांगायचं तर नकोबांचाही अजून येतो. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

उद्या मंगळवार, वायर घ्यायला मीच जाणार आहे. पर्समध्ये ब्लेड ठेवलंय. दुकानदाराच्या डोळ्यांदेखत वायर खरवडून बघेन, मगच पैसे देईन.