कोडच्या डोक्यावर श्री

आमच्या अप्पांना श्री लिहिल्याशिवाय काही सुरूच करता येत नाही. डायरीचं पहिलं पान, दिवाळीच्या सामानाची यादी, इथवर ठीक. पण उन्हाळ्यात टाकी धुऊन घेतली, तर टाकीवर खडूनं तारीख आणि तारखेच्या वर श्री! मी म्हटलं, अप्पा, टाकीला कशाला? तर म्हणे, पाणी भरायचंय की. शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म गेला. कोरी जागा दिसली की हात शिवशिवतो.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनी पुण्याला आणि मी सोलापुरात, घरून काम. आई गेल्यावर अप्पा एकटे पडले म्हणून ही सवलत मी अक्षरशः भांडून घेतली होती. पण कंपनीचं धोरण बदललं आणि आमच्या मॅडमनी कळवलं, अकलूजच्या डेअरीचं काम नीट पार पडलं तर सवलत चालू ठेवू, नाहीतर पुण्याला येऊन बस. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "जा की. मी काय तान्हा हाय का?" आणि पेपरात डोकं घातलं. तो पेपर त्यांचा सकाळीच वाचून झाला होता.

काम तसं साधं. दूध घालणाऱ्यानं मोबाइलवर आपला नंबर टाकायचा, बटण दाबायचं की आज किती लिटर गेलं, फॅट किती लागली, ते दिसायचं. दाखवायच्या दिवशी सकाळी मी सगळं एकदा तपासलं, लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आंघोळीला गेले, आले आणि फाइल पाठवून दिली. देवाशपथ, पुन्हा बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.

व्हिडिओ कॉलवर पुण्याहून मॅडम, अकलूजहून डेअरीचे मॅनेजर. त्यांनी नंबर टाकला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म. चूक झाली तर कॉम्प्युटर निदान लाल अक्षरांत ओरडतो, इथं तेही नाही. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं झकास चाललेलं. तसं मी सांगितलंही. पण "माझ्याकडे चालतंय" हे वाक्य आमच्या धंद्यात कुणी ऐकून घेत नाही. मॅडमचा चेहरा उतरायला लागला. मी डेअरीच्या इंटरनेटला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांच्या सर्व्हरला घातल्या, सगळा कोड वरखाली केला. आणि मग फाइलची पहिली ओळ पाहिली. पहिली ओळ कोण बघतं हो?

// श्री //

कपाळावर हात मारला मी. कोडमध्ये माणसांसाठी टीप लिहायची असेल तर आधी दोन तिरक्या रेघा मारतात. त्यांच्यापुढे ओळ संपेपर्यंत जे असेल ते कॉम्प्युटर सोडून देतो. माझ्याकडे श्रीची ओळ वेगळी, म्हणून अडचण नव्हती. पण डेअरीचा जुना सर्व्हर पान लवकर उघडावं म्हणून सगळ्या ओळी एकाला एक चिकटवून एकच लांबलचक ओळ करतो. ओळ एकच, आणि तिच्या सुरुवातीलाच रेघा. माझं सगळं काम त्या श्रीच्या मागे गेलं आणि सर्व्हरनं ते वाचलंच नाही. म्हणून तर आमच्यात नियम होता, या डेअरीच्या कामात तिरक्या रेघा मारायच्याच नाहीत.

मी माइक बंद केला आणि अप्पांकडे वळले. ते सोफ्यावर बसून सगळं ऐकत होते. तापलेच होते, त्या ओळीवर बोट ठेवून लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. ते हळूच म्हणाले, "तूच म्हनाली होतीस की, ह्या रेघांच्या पुढचं कॉम्प्युटर वाचत न्हाय. म्हनून तितं लिवलं. तुज्या कामाला धक्का नको."

घ्या! म्हणजे काळजी घेऊन केलेलं. डोकं आपटावंसं वाटलं.

खरं सांगायची सोय नव्हती. कंपनीच्या लॅपटॉपला घरच्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. मी माइक सुरू केला आणि म्हटलं, एक नको ती ओळ माझ्याकडून फाइलीत राहून गेली, काढते. मॅडम म्हणाल्या, रेघांचा नियम तुला माहीत नाही? तेवढ्यात माझ्या खांद्यावरून अप्पा कॅमेऱ्यात आले, थेट हेडक्लार्कच्या भाषेत. "नमस्कार. सदर ओळ मी लिहिली आहे. हिला न विचारता. हिचा दोष नाही."

झालं. आता पुणं पक्कं, असं मी धरून चालले. मी ओळ काढली, फाइल पुन्हा पाठवली, बटण चाललं, लिटर दिसले, फॅट दिसली. मॅनेजर खूश झाले, पण मला त्याचं काही सुखच वाटेना. मॅनेजर कॉलवरून गेले तरी मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, राहा सोलापुरात, पण लॅपटॉपला पासवर्ड लाव आणि उठताना दर वेळी बंद कर. आणखी एकदा असं झालं तर मला काही करता येणार नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि अप्पांवर उखडलेच. तुम्हीच म्हणत होतात ना, जा पुण्याला म्हणून? मग हे श्री कशासाठी?

"त्ये तोंडानं म्हनत हुतो," अप्पा म्हणाले. "जाऊ नयेस म्हनून लिवलं."

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. डोळे भरून आले, तेही त्यांना दिसू नयेत म्हणून मी परत लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड लावायला घेतला. म्हटलं, पासवर्ड सांगते, लक्षात ठेवा हं, मी नसताना काही लागलं तर.

अप्पांनी खुर्ची उचलून पलीकडे नेली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"मला सांगू नगं," म्हणाले. "कळला तर मी परत लिवीन."