गालाला लावून बघायचं

ओला माल तापल्या कढईत उडतो, हे भजी तळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मला नव्हतं.

फॅक्टरीतून रिटायर झालो आणि मरळ धरायचा नाद लागला. गळाला लावायची रबरी गांडुळं मी घरीच ओतायचो. माशांनी फाडलेली वितळवायची, प्लास्टरच्या साच्यात ओतायची, नवी काढायची. पहिल्या खेपेला नर्मदेचा चिखल धुतला आणि तशीच ओली कढईत टाकली. चटचट उडालं. मनगट भाजलं, आणि गांडुळं निघाली ती अंगभर फोड घेऊन.

बायकोनं माझं मनगट नळाखाली धरलं. म्हणाली, "ओले सांडगे मी तेलात टाकते का कधी? मग तुम्ही काहून टाकता?"

तेव्हापासून गांडुळं गच्चीवर तिच्या कुरडयांशेजारी वाळायला लागली. साचाही उन्हात, कारण प्लास्टर पाणी पिऊन बसतं. शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, "भाभीजी, ये जामुनी वाली कौन सी कुरडई है?"

"मछली के लिए है," ही म्हणाली. "आपको तल दूँ दो-चार?"

वाळलं की नाही, हे ती गालाला लावून बघायची. गार लागलं तर ओल आहे. कपडा, पापड, गांडूळ, सगळ्यांना तोच गाल.

ती जाऊन आठ महिने झाले. करमत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तिच्या हातच्या जांभळ्या रंगाच्या फाटक्या गांडुळांचे तुकडे तेवढे उरले होते. स्वतःच्या साडीशी जुळवून तिनं तो रंग घातला होता, मला तो जमत नाही. ओल राहिली असती तर सगळं वाया, आणि दुसरं मिळणार नव्हतं. त्यात बाहेर ऊन नाही.

तीन दिवस तिच्या सुपात, पंख्याखाली वाळवले. साचा गरम तव्याशेजारी ठेवून सुकवला. मग एकेक तुकडा गालाला लावला, खिडक्या उघडल्या आणि मंद आचेवर वितळवायला घेतलं. कढई एकदाच चट् म्हणाली.

पाच निघाली. चार गुळगुळीत, पाचव्याच्या पोटात मुगाएवढा फुगा. एखादा ओला तुकडा सुटला असणार. माझाच गाल ओला होता, गार काय लागून राहिलं ते कळेना.

ती म्हणाली असती, आधी तोंड पुसा.

फुग्याचं गांडूळ पाण्यात जरा वर राहतं. रविवारी तेच बांधतो.