बरणी क्रमांक दोनशे सतरा

नंदाताई शेवाळे नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या सासरी माण तालुक्यात आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. "सून लखनौला मोठ्या संस्थेत आहे, बादलीत माती धुते," असं सासूबाई अभिमानानं सांगायच्या, आणि ऐकणारी बाई "अगं बाई!" म्हणून गप्प व्हायची.

पण काम तेच होतं. जुन्या वस्तीच्या टेकाडातून खणून आणलेली माती पाण्यात सोडायची, हलक्या हातानं ढवळायची आणि वाट बघायची. माती तळाला बसते. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी चुलीत पडून कोळसा झालेलं धान्य आणि बिया वर तरंगतात. त्या गाळून सावलीत सुकवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशानं एकेक वेगळी करायची. सातू इकडं, मसूर तिकडं. बत्तीस वर्षं हेच. आता निवृत्तीला चार महिने उरले होते. इतक्या वर्षांत जे शोधनिबंध निघाले, त्यांच्या शेवटी बारीक अक्षरात "प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार" असायचे. तेवढ्या ओळीत नंदाताई मावत आल्या होत्या.

मे महिन्यात त्यांच्या ब्रशाखाली एक बी आली. काळी, पोटावर उभी खाच, पाठीवर सुईनं टोचल्यासारखा ठिपका.

"मॅडम, खजूर वाटतोय."

"थांबा थांबा थांबा," म्हणत कौमुदी मॅडम खुर्चीसकट सरकत आल्या. या संस्थेतल्या शास्त्रज्ञ, पुण्याच्या. त्यांचा हातखंडा परागकणांत. बियांशी नुकताच संबंध आलेला. प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायची सवय. "कुठल्या थरातली? साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या? बघू बघू बघू."

त्यांनी कपाटातून नमुन्याची बरणी आणली, क्रमांक दोनशे सतरा. आजच्या झाडांच्या ओळखीच्या बिया अशा बरण्यांत ठेवलेल्या असतात. जुनी बी त्यांच्याशी ताडून बघायची. बरणीवर पेंडखजुराचं लॅटिन नाव टाईप केलेलं होतं. दोन्ही बिया शेजारी ठेवल्या. बहिणी-बहिणीच जणू.

"ताई, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? पेंडखजूर आपोआप उगवून नीट फळत नाही. कुणीतरी रोप लांबून आणलं, लावलं, नराचा फुलोरा मादीवर हातानं झटकला. इथं! गंगेच्या खोऱ्यात! एवढ्या आधी! लागवड आहे ही, लागवड!" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि या निबंधात तुमचं नाव लेखकांत जाणार. आभारांत नाही, वर. सापडली तुम्हाला."

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरी ही बातमी नंदाताईंनी सांगितली एकदाच. बाकीचं काम यजमानांनी केलं. लक्ष्मीकांतराव एअर फोर्समधून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळच्या फेरीत त्यांनी अख्ख्या सेक्टरला रिपोर्ट दिला. स्वरदानं बेंगळुरूहून फोन केला. आई मराठीत, मुलगी हिंदीत, हे त्यांचं नेहमीचं.

"मम्मी, आप तो साइंटिस्ट निकलीं!"

"साइंटिस्ट कसली गं. धुणंवालीच."

"अरे यार, नाम छपेगा! मैं तो फ्रेम करवाऊँगी."

नंदाताई हसल्या, पण रात्रीच्या भाकरी थापताना मनातल्या मनात इंग्रजीत छापलेलं ते नाव त्यांनी दोन-तीनदा वाचून पाहिलं.

दोन आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, "ताई, बरणीचा फोटो हवाय. जुना कागद आत असेल ना, तोही काढा."

टाईप केलेल्या पट्टीखाली, बरणीच्या आत, घडी केलेली चिठ्ठी होती. नंदाताईंनी उलगडली. अक्षर त्यांचंच. खजूर. बख्शी का तालाब. जून १९९४.

नोकरीचा तो पहिला महिना. तेव्हा घर एअर फोर्सच्या क्वार्टरमध्ये, बख्शी का तालाबला. संस्थेतल्या तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं, राहता तिथल्या झाडांच्या बिया आणा. शेताच्या बांधावर एक झाड होतं, बुंधा खडबडीत, वर रसासाठी गाडगं बांधलेलं. नंदाताईंनी आपल्या नव्या कोऱ्या हिंदीत विचारलं होतं, "भैया, ये कौनसा पेड़ आहे?"

"खजूर हय, बिटिया, अउर का!" गाडगं उतरवणारा हसला होता.

झाड त्या ओळखत होत्या. गावच्या ओढ्याला अशी चाळीस झाडं होती. ती शिंदी. तिच्या पाल्याची केरसुणी होते, तिची ताडी निघते, तिची फळं पोरंसुद्धा दोन खाऊन थुंकतात. पण नवी नोकरी, नवा मुलूख. आपलं गावंढळ नाव कागदावर कसं लिहायचं? इकडं खजूर म्हणतात तर खजूर, असं म्हणून त्यांनी लिहिलं. साहेबांनी ते वाचून पेंडखजुराचं लॅटिन नाव चिकटवलं. हिंदीत दोघांनाही खजूरच म्हणतात, याचा विचार ना साहेबांनी केला, ना नंदाताईंनी.

म्हणजे टेकाडातली बी जुळली होती ती शिंदीशी. रानटी, कुणी न लावलेल्या, पक्ष्यांनी पेरलेल्या शिंदीशी.

त्यांनी फोटो काढला नाही. "उद्या काढते" म्हणाल्या.

घरी लक्ष्मीकांतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "तुला खात्री आहे?"

"डोळे आहेत मला."

"डोळे बत्तीस वर्षांपूर्वीचे. आधी रेकी करू, मग बोल."

रविवारी सकाळी स्कूटरवरून दोघं शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, बख्शी का तालाबला गेली. बांध राहिला नव्हता, प्लॉट पडले होते, पण कुंपणाशी झाड होतं. घोसांत नारिंगी फळं लागलेली, बोराएवढी. नंदाताईंनी एक तोंडात टाकलं. गर नावापुरता, जीभ खरखरीत झाली. बी हातावर घेतली, पिशवीतून बाजारच्या खजुराची बी काढून शेजारी ठेवली. झाडाची आखूड नि गोलसर, बाजारची लांब नि निमुळती. रावांनाही चष्म्याशिवाय फरक दिसला.

परतताना सिग्नलला थांबल्यावर ते मागं न बघता म्हणाले, "कुणी विचारलंय का तुला? चार महिने राहिलेत. नाव लागू दे, मग बघतील ज्यांचं ते."

"आणि उद्या कुणी त्या बीवरून म्हणालं की इथं बागा होत्या?"

"म्हणू दे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस तक्रार करायला येणार आहे होय?"

"म्हणूनच," नंदाताई म्हणाल्या. सिग्नल सुटला.

खरं तर त्या निबंधाइतकाच त्या माणसाचा विचार करत होत्या. त्यानं खजुराची बाग लावली नव्हती. ओढ्याकाठी शिंदी पिकली असेल, पोरांनी ओंजळभर आणली असेल, बिया चुलीत फेकल्या असतील. एवढंच. पण एवढंच झालं असेल, तर एवढंच लिहायला हवं. त्याच्या हातून न झालेलं काम त्याच्या नावावर कसं लावायचं?

सोमवारी त्यांनी बाजारची, झाडाची आणि बरणीतली अशा तीन बिया आणि ती चिठ्ठी कौमुदी मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी एकदाही तीनदा काही म्हटलं नाही. मापं घेतली. बाजारची आणि झाडाची बी भट्टीत जाळून पुन्हा मापं घेतली, कारण जळल्यावर बी आक्रसते. तिसऱ्या दिवशी संगणक बंद करून म्हणाल्या, "गेलं. लागवड गेली. ताई, हे तुम्ही बत्तीस वर्षं..."

"माहीत असून लिहिलं. वाईट हेतूनं नाही. लाजून."

"कशाला लाजलात?"

"शिंदीला, मॅडम. आमच्याकडं शिंदीखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात. ते नाव सरकारी कागदावर घालायला धीर झाला नाही."

मॅडमना हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. "कळतंय का? या बरणीवरून आधीचे दोन निबंध निघालेत. आता जाहीर दुरुस्ती छापावी लागेल."

इकडं सेक्टरमध्ये रावांनी रिपोर्ट परत घ्यायला सुरुवात केली होती. समोरच्या यमुना भाभींनी नंदाताईंना गेटवरच अडवलं. "सुना वो खजूर नहीं निकला?"

"नहीं भाभी, शिंदी निकली."

"शिंदी माने?"

नंदाताईंनी पुष्कळ विचार केला. दुसरा शब्दच सापडेना. "माने... खजूर. जंगलवाला."

"तो निकला तो खजूर ही ना!" भाभी म्हणाल्या. "आप भी ना, खामखाँ परेशान होती हैं."

दुरुस्तीचा मजकूर मॅडमनी तयार केला, अर्ध्या पानाचा. नमुना कुणी गोळा केला, नाव कसं चुकलं, आता खरं काय. तो वाचून दाखवताना त्या एका जागी थांबल्या. "इथं मी 'तत्कालीन कर्मचारी' लिहिते. तुमचं नाव नको. आयुष्यात एकदा छापून येणार, तेही चुकीसाठी."

नंदाताईंनी हातातला ब्रश पुसून ठेवला.

"नाव घाला," त्या म्हणाल्या. "बरणी मी भरली. उद्या कुणाला विचारायचं असेल तर कुणाला विचारणार?"

"नक्की?"

"नक्की. आणि आडनाव नीट लिहा, मॅडम. इथले लोक सेवाले करतात."

कौमुदी मॅडमनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप केलं, आणि नंदाताई मागं उभ्या राहून शेवटपर्यंत तपासत राहिल्या.