म्हाताऱ्या गाईचा आवाज

आमच्या मावशीने आयुष्यभर जनावरांना बोलतं केलं. परदेशी कार्टून सिनेमे आपल्या भाषेत करायचे असले की त्यातली शेळी, मांजर, खवचट कोंबडी, सगळ्या तीच. गळा गोड, तोंड मात्र महाफटकळ. त्या तोंडाने एक दिवस घात केला.

तिची जोडीदारीण गायताई. थोराड जनावरांचे आवाज तिच्याकडे, म्हणून हे नाव. स्टुडिओत दोघी कायम एकाच डब्यात जेवायच्या.

त्या वेळी गोठ्यातल्या जनावरांच्या दोस्तीचा, गाण्यांनी भरलेला सिनेमा आला होता. म्हातारी गाय गायताई, डुकराचं पिल्लू मावशी, आणि दोघींचं त्यात एक गाणं. रेकॉर्डिंग एकेकीचं व्हायचं. गायताई गाऊन आली आणि काचेबाहेर माझ्या शेजारी चहा घेत बसली. मग मावशी आत गेली, हेडफोन लावून गायताईचं गाणं ऐकू लागली. आत दिवा, बाहेर अंधार, त्यामुळे काचेत मावशीला स्वतःचंच तोंड दिसत होतं.

"अरे, हिचा आवाज पार चिरकला की," ती माइकवरून बाहेरच्या रेकॉर्डिस्टला म्हणाली. "हिला आता घरी बसव. गाईसाठी माझ्या भाचीला घे."

तिला वाटलं, हेडफोनमध्ये फक्त त्यालाच ऐकू जातंय. पण बाहेरचा स्पीकर चालू होता.

ती भाची मी. शरमेने मला मान वर करवेना. रेकॉर्डिस्टने बाहेरचा दिवा लावला. गायताई दिसली तसं मावशीचं तोंड एवढंसं झालं.

गायताईने कप ठेवला आणि माइकचं बटण दाबलं. "खरंय गं तुझं. वरच्या सुराला मलाही जाणवलं. पोरीला घ्या, मी शिकवते तिला."

"मला नाही गायचं," मी म्हणाले. मावशीचा राग आला होता आणि गायताईपुढे लाजही वाटत होती.

"आहे तोच आवाज राहू दे," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. "म्हातारी गाय चिरकणारच."

मग मावशीला तोच आवाज कानात घेऊन दोस्तीचं गाणं म्हणावं लागलं. तिचा गळा सारखा दाटत होता. रेकॉर्डिस्ट खूश झाला, म्हणाला, पिल्लू अगदी खरं वाटतंय.

जेवायच्या सुट्टीत गायताईने डबा उघडला आणि रोजच्यासारखा मधे सरकवला.

"ये, जेवून घे. अजून एक गाणं बाकी आहे."

मावशी हात धुवायला गेली. नळ बंद केला, परत सोडला, धुतलेलेच हात पुन्हा धुवत राहिली. आमचं जेवण झालं तरी ती आली नाही. तिच्या वाटणीचं गायताईने झाकून ठेवलं.