वाहत्या पाण्यातली फुलं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. चिकलठाण्याच्या अंगाला एक पत्र्याचं शेड, त्यात सीताफळाचा गर काढणाऱ्या खुलताबादच्या बायका, आणि मागे तो गर गोठवून ठेवायची एक मोठी खोली. पहिल्या वर्षी या खोलीवरून गारखेड्याच्या घरी माझी भरपूर चेष्टा झाली होती. "सीताफळ खायची गोष्ट आहे, साठवायची नाही," असं नवरासुद्धा म्हणाला होता. मी म्हटलं, बघाच.

सीताफळाची एक खोड असते. गोठलेलं असेपर्यंत गर दुधासारखा पांढरा राहतो. एकदा का वितळला, की काळवंडतो आणि कडू होतो. पुढे एका वर्षी खोली छतापर्यंत भरली आणि नेमका तेव्हाच आमचा जुना कॉम्प्रेसर बसला. माझा जीव गेला होता. पण आमचे मिस्त्री, ज्यांना लहानथोर सगळे चाचा म्हणतात, त्यांनी धावपळ करून नवा कॉम्प्रेसर आणला, बसवला, गॅस भरला, आणि गर टणक असतानाच खोली वाचवली. खंडेनवमीच्या सकाळी नवं मशीन गुरगुरायला लागलं, तेव्हा मी चाचांना शेडभर ऐकू जाईल असं शाबास म्हटलं. हे माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

पूजेला सासूबाई मुद्दाम गंगापूरहून आल्या होत्या. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नारळ फुटला, झेंडूचे जाडजूड हार चढले. चाचांनी दरवर्षीसारखे आपले पाने-पकडी पुसून पाटावर मांडले आणि त्यांनाही हळदकुंकू लावून घेतलं. संध्याकाळी निघताना सासूबाईंनी त्यांनाच बजावलं, "चाचा, हे हार पायाखाली येऊ देऊ नका बरं. उकिरड्यावर तर बिलकुल नाय. वाहत्या पाण्यात सोडा."

"हौ अम्मा, फिकर नक्को," चाचा म्हणाले.

दसरा झकास गेला. त्यानंतरच्या दिवशीही सगळं ठीक होतं. आणि मग, सोनं वाटून जेमतेम हात मोकळे झाले होते, तोच भर दुपारी मशीन बंद पडलं.

चाचांनी काटा बघितला. प्रेशर चढल्यामुळे मशीननं स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं. थोडं थांबून चालू केलं, तर गुणी बाळासारखं चाललं. घटकाभर गेली आणि पुन्हा बंद. मग हा खेळच सुरू झाला. बंद, चालू, पुन्हा बंद. चाचांनी गॅस जास्त झाला असेल म्हणून थोडा काढला. नव्या जोडणीत हवा राहिली असेल म्हणून तीही काढली. वीज तपासली, वायरी तपासल्या. बाहेरचा कूलिंग टॉवरही पाहिला. मशीनला गार ठेवणारं पाणी त्याच्यावरून धो धो खाली पडतं, खालच्या टाकीत जमतं आणि पंप ते पुन्हा मशीनकडे ढकलतो. चाचांनी टाकीत हात घालून पंपाच्या तोंडावरची जाळी चाचपली. जाळी साफ. ती तर त्यांनी स्वतःच मशीन बदलताना घासली होती.

मी दर थोड्या वेळानं खोलीत जाऊन दाराजवळच्या पिशव्या अंगठ्यानं दाबून बघायची. आधी त्या विटेसारख्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पिशवीत माझा अंगठा रुतला, अगदी किंचित, पण रुतला. खुलताबादच्या बायकांनी बिया काढता काढता बोटं काळी करून घेतलेला सबंध हंगाम त्या खोलीत होता, आणि घरी जाऊन "बघाच" हा शब्द मला परत गिळावा लागणार होता.

मी कॉम्प्रेसरच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "उतरवून पाठवून द्या मॅडम. तपासून दुसरा देतो." म्हणजे तोवर गराचं पाणी. पण दुसरा उपाय तरी काय होता? मी टेम्पो बोलावला. तो येऊन फाटकात उभा राहिला.

"भाभी, मशीन में नुक्स नाय," चाचा म्हणाले. "मी कान लावून ऐकलंय. आवाज साफ आहे."

"आवाज साफ आहे तर त्याचं गाणं ऐकत बसू का?" मी ओरडले. "काढा ते!"

चाचा पाना आणायला वळले. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला स्वतःचाच जास्त राग आला, आणि तो राग नेहमीप्रमाणे भलतीकडे निघाला. चालू मशीनशेजारून तणतणत जाताना मी तोल सावरायला पाण्याच्या पाइपला धरलं आणि किंचाळले. चटका बसला होता.

चाचा धावत आले. त्यांनी त्या पाइपला हात लावला आणि झटकन काढला. "हे पाणी कोमट असतंय, भाभी. कवाच एवढं तापत नाय. पाणी थोडं येऊ लागलंय म्हणून तापतंय."

"पण तुम्ही टॉवर बघितला ना?"

"बघितला की. पण मशीन बंद पडल्यावर." ते बोलता बोलता थबकले. "मशीन बंद, तवा पंपबी बंद."

आम्ही दोघं मागच्या दारानं पळालो. मशीन अजून चालू होतं. टॉवरवरून पडणारी धो धो धार गाईच्या शेपटाएवढी झाली होती. चाचांनी खालच्या टाकीत बॅटरी मारली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर केशरी गोधडी पांघरल्यासारखा झेंडू चिकटला होता. पाकळ्या, देठ, दोरे, सगळं पंपाच्या ओढीनं घट्ट बसलेलं. आणि आमच्यादेखतच मशीन बंद पडलं, पंप थांबला, आणि ती सगळी गोधडी जाळीवरून अलगद सुटून टाकीच्या अंधाऱ्या तळाशी गेली. जाळी पुन्हा साफ!

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही आत गॅस काढत बसलो होतो.

"हा झेंडू इथं आला कुठून?" मी विचारलं.

चाचांनी कपाळाला हात लावला. "मेरेच हात का काम है, भाभी. अम्मा म्हणल्या, वाहत्या पाण्यात सोडा. मी पिशवी घेऊन सुखना नदीवर गेलो. तिथं नाकाला रुमाल लावून उभं राहवंना. तसल्या घाण पाण्यात देवाची फुलं कशी टाकू? परत आलो. मग दिसलं, साफ वाहतं पाणी सगळ्यात जवळ कुठं असंल तर हे, आपलं टॉवर. हार अख्खे तरंगत व्हते. बिस्मिल्ला म्हणून सोडले. मग पाण्यात कुजून सुटले असतील."

त्यांनी मान खाली घातली. मी रागावेन याची ते वाट बघत असावेत. मलाही वाटलं, आता रागावलं पाहिजे. पण तोंड उघडलं तर हसूच फुटलं, आणि मग ते थांबेना. मी टाकीच्या कडेवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आधी चाचा बावरले, मग तेही हसायला लागले. मग त्यांनी पायजमा गुडघ्यावर घेतला, मी पदर खोचला, आणि आम्ही ओंजळी भरभरून झेंडू बाहेर काढला. काढलेला गॅस चाचांनी पुन्हा भरला. मशीन चालू झालं. काटा उतरला आणि जागेवर बसला तो बसलाच. टेम्पोवाल्याला मी बासुंदी पाजून रिकामाच परत पाठवला.

ऊन उतरेपर्यंत मी खोलीकडे फिरकले नाही, भीती वाटत होती. मग जाऊन त्याच पिशवीवर अंगठा दाबला. वीट! मी ती पिशवी तशीच चाचांच्या हातात दिली आणि म्हटलं, ही घरी न्या. त्या दिवशी मला फार आनंद झाला, आणि गर वाचला एवढंच त्याचं कारण नव्हतं.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या ओशाळतील. त्या म्हणाल्या, "मग? वाहतं पाणीच व्हतं की ते!"

आता आमच्याकडे नवी रीत पडली आहे. दसरा झाला की चाचा हार पिशवीत भरून एसटीनं गंगापूरला जातात. सासूबाई त्यांची वाट बघत असतात. मग दोघं गोदावरीवर जाऊन फुलं सोडतात, जेवून चाचा परत येतात. एका वर्षी मीही सोबत होते. गाडीत गर्दी होती आणि चाचांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "चाचा, काय एवढं जपून नेताय?"

"आमच्या मशीनची फुलं," चाचा म्हणाले, आणि खिडकीकडे सरकून पिशवीला थोडी आणखी जागा करून दिली.